'ड्रिव्हन' : हाकणारा कोण?

इंग्रजीतले एक विशेषण अलीकडे फार मानाने मिरवू लागले आहे. नोकरीच्या जाहिरातीत, परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात आणि यशस्वी माणसांच्या मुलाखतीत ते हटकून भेटते. ते विशेषण म्हणजे 'ड्रिव्हन'. 'आम्हाला ड्रिव्हन उमेदवार हवेत', 'ती फार ड्रिव्हन मुलगी आहे', अशी वाक्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर सारखी पडत असतात. अर्थ विचारला तर 'महत्त्वाकांक्षी', 'ध्येयाने प्रेरित', 'जिद्दी' असे प्रतिशब्द सांगितले जातात. ते चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. हा शब्द मुळात कौतुकाचा नव्हे. तो गुराख्याच्या काठीचा शब्द आहे. काठीचा शब्द कौतुकाचा कसा झाला, आणि तसा होताना त्यातून काय गळून पडले, हे समजून घेणे आपल्याला अगत्याचे आहे. कारण ज्यांना पिढ्यान् पिढ्या हाकले गेले, त्यांच्याच मुलांना आज हा शब्द स्वतःच्या नावापुढे लावायला सांगितले जात आहे.

शब्दाची घडण

प्रथम व्याकरण पाहू. मूळ क्रियापद 'ड्राइव्ह', भूतकाळ 'ड्रोव्ह' आणि भूतकाळवाचक धातुसाधित 'ड्रिव्हन'. आपली मुले पुष्कळदा 'ड्रायव्हन' असा उच्चार करतात. तो बरोबर नाही. 'गिव्हन'मध्ये जो ऱ्हस्व 'इ' आहे तोच येथे आहे.

क्रियापद फार जुने आहे. प्राचीन इंग्रजीत ते 'ड्रीफान' असे होते. जर्मन भाषेतील 'ट्रायबेन' हे त्याचे सख्खे भावंड. या सर्वांचा आरंभीचा अर्थ एकच : पुढे घालून नेणे, ढकलत नेणे, हाकणे. गुरांच्या कळपाला इंग्रजीत 'ड्रोव्ह' म्हणतात. स्कॉटलंड आणि वेल्समधून शेकडो गुरे पायी हाकत लंडनच्या बाजारात नेणाऱ्यांना 'ड्रोव्हर' म्हणत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. वाऱ्याने वा पाण्याने जे लोटत नेले जाते त्याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. तोही याच कुळातला शब्द. पुढे घोडागाडी हाकणारा 'ड्रायव्हर' झाला, मग आगगाडीचे इंजिन चालवणारा, आणि शेवटी मोटार चालवणारा. मोटारीपुढे जनावर उरले नाही, शब्द मात्र जनावराचाच राहिला.

मराठीतील 'हाकणे' या क्रियापदाचा प्रवास याच्याशी विलक्षण जुळतो. आपण गुरे हाकतो, बैलगाडी हाकतो आणि 'राज्याचा गाडा हाकतो' असेही म्हणतो. 'हाक' आणि 'हाकणे' यांचे नाते कानालाच कळते. त्यापुढे 'हाकलणे' आले की दिशा बदलते. हाकणे म्हणजे आपल्याला हवे तिकडे नेणे. हाकलणे म्हणजे आपल्याला नको म्हणून घालवणे. शिकारीत जनावर बंदुकीच्या टप्प्यात यावे म्हणून रान उठवतात, त्याला आपण 'हाका' म्हणतो. इंग्रजीत त्यालाही 'ड्राइव्ह' असाच शब्द आहे. साहेबाच्या आणि संस्थानिकाच्या शिकारीत हाका घालायला वेठीने धरून नेलेली माणसे कोणत्या वस्त्यांतली असत, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. जनावराला हाकणारी ती माणसेही कोणीतरी हाकूनच आणलेली होती.

आता मुख्य मुद्दा. 'ड्रिव्हन' हे कर्मणी रूप आहे. त्याचा सरळ अर्थ 'ज्याला हाकले गेले आहे तो'. हाकलेला आहे म्हणजे हाकणारा असलाच पाहिजे. परंतु विशेषण म्हणून हा शब्द एकटा वापरला की हाकणारा वाक्यातून नाहीसा होतो. कर्ता लपवण्याची सोय कर्मणी प्रयोगात सर्वच भाषांत असते. 'वस्ती जाळण्यात आली', 'पाणी तोडण्यात आले' ही वर्तमानपत्री मराठी आपल्या परिचयाची आहे. जाळणाऱ्याचे नाव त्या वाक्यात येत नाही. 'ड्रिव्हन' हे एका शब्दात मावलेले असेच एक वाक्य आहे.

चार उपयोग

इंग्रजी शिकवताना मी या शब्दाचे चार उपयोग वेगळे करून सांगतो. पुढे येणाऱ्या लहान शब्दावर सारा अर्थ अवलंबून असतो.

पहिला, 'ड्रिव्हन बाय'. कशामुळे, कोणाकडून, हे येथे सांगावे लागते. भुकेने हाकलेला, रागाने पेटलेला, वाऱ्याने लोटलेले होडके. आजकालचे 'डेटा-ड्रिव्हन', 'डिमांड-ड्रिव्हन' हे जोडशब्द याच जातीचे. 'आकडेवारीच्या आधारे चालणारे', 'मागणीवर चालणारे' एवढाच त्यांचा अर्थ. असल्या जोडशब्दांना मराठीत 'प्रेरित' जोडण्याचे कारण नाही. आकडा कोणाला प्रेरणा देत नाही.

दुसरा, 'ड्रिव्हन टू'. येथे शेवट कुठे झाला ते कळते. वेडापर्यंत, चोरीपर्यंत, मृत्यूपर्यंत नेऊन सोडलेला. या उपयोगात कौतुकाचा लवलेश नाही. आपल्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात हा उपयोग आढळतो. विवाहितेच्या छळासंबंधीचे कलम ४९८-अ भारतीय दंड संहितेत १९८३ साली घालण्यात आले. क्रूरतेची व्याख्या करताना, स्त्रीला आत्महत्येकडे नेईल अशी वर्तणूक, या अर्थी तेथे 'ड्राइव्ह' हेच क्रियापद योजले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ८५ आणि ८६ मध्ये आली आहे. मराठीत आपण अशा ठिकाणी 'आत्महत्येस प्रवृत्त करणे' म्हणतो. 'प्रवृत्त' हा शब्द सौम्य आहे. प्रवृत्ती ही त्या बाईचीच होती, इतरांनी तिला नुसता हात लावला, असा काहीसा भास त्यातून होतो. इंग्रजी शब्दात काठी दिसते. मराठी शब्दात ती दिसत नाही.

तिसरा, 'ड्रिव्हन आउट'. घरातून, गावातून, देशातून हाकलून दिलेला. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून बाहेर पडली. ती 'स्थलांतरित' नव्हती, 'ड्रिव्हन आउट' होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. येथे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला घर, गाव किंवा राहते ठिकाण सोडायला भाग पाडणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. त्या कलमाची वाक्यरचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ती कर्मणी नाही. अनुसूचित जाती-जमातीची नसलेली जी कोणी व्यक्ती असे करील, अशी तिची सुरुवात आहे. कायद्याला कर्ता लागतोच; कर्त्यावाचून आरोपपत्र होत नाही. साहित्याने आणि वृत्तपत्रांनी हा व्याकरणाचा धडा कायद्याकडून घ्यायला हरकत नाही.

चौथा, नुसते 'ड्रिव्हन'. बाय नाही, टू नाही, आउट नाही. कोणी हाकले, कुठून हाकले, कुठे नेले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुसून टाकली की मग जे उरते ते कौतुक. प्रश्न आहे तो एवढाच की ही उत्तरे कोणाच्या सोयीसाठी पुसली जातात?

मळ्यावरचा 'ड्रायव्हर'

या शब्दाचा सर्वांत काळा इतिहास अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतील गुलामगिरीत आहे. कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या टोळ्या करून त्यांच्याकडून काम घेत. टोळीवर चाबूक घेऊन उभ्या राहणाऱ्याला 'ड्रायव्हर' म्हणत. हा ड्रायव्हर बहुधा स्वतः गुलामच असे. त्याच्या वर गोरा ओव्हरसियर, त्याच्याही वर मालक. टोळीने काम कमी केले तर चाबूक ड्रायव्हरच्याही पाठीवर पडे. हाकणाऱ्यालाही कोणीतरी हाकत होते.

१७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून खोल दक्षिणेतल्या कापसाच्या प्रदेशात सुमारे १० लाख गुलाम नेण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांना साखळीने एकमेकांना बांधून शेकडो मैल पायी चालवले गेले. गुरांच्या तांड्यासाठी जे क्रियापद होते तेच त्यांच्यासाठी वापरले गेले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका नुसती शिष्टाचाराची नव्हती. तिकडची गुलामगिरी आणि इकडचा शूद्रातिशूद्रांचा जाच या दोन वस्तू तत्त्वतः एक आहेत, असे त्यांनी ओळखले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने आपले नावच १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा अमेरिकेतील काळ्या माणसाच्या पाठीवरील या शब्दाचा वळ हा आपल्याला परका नाही.

आणि आपल्याकडचा मुकादम? ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन गावातून काढणारा, फडावर पहाटे उठवणारा, कारखान्यापुढे टोळीचा जाब देणारा. अनेकदा तो टोळीतल्याच लोकांपैकी, त्यांच्याच नात्यागोत्यातला असतो. तोही कारखान्याच्या उचलीत अडकलेला असतो. उचल घेतलेला मजूर मळ्यावरच्या गुलामासारखा विकला जात नाही, हा फरक मोठा आहे. तो विसरता कामा नये. परंतु व्यवस्था एकाच वर्गातल्या एका माणसाच्या हाती काठी देऊन दुसऱ्याला कशी हाकते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. आजच्या कचेऱ्यांतून 'टार्गेट' नावाची जी काठी फिरते तिच्याबद्दलही हाच विचार करता येईल.

काठी आत कशी गेली

बाहेरची काठी माणसाच्या आत नेऊन ठेवण्याचे काम मानसशास्त्राने केले. फ्रॉइडने जर्मनमध्ये 'ट्रीब' हा शब्द वापरला. तो वर सांगितलेल्या 'ट्रायबेन'पासून आला आहे. शरीरातून उठणारा आणि मनाला ढकलणारा रेटा, असा त्याचा आशय. फ्रॉइडच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी अनुवादात स्ट्रेचीने त्याला 'इन्स्टिंक्ट' म्हटले. पुढे अनेक अभ्यासकांनी, 'ड्राइव्ह' म्हणायला हवे होते, अशी तक्रार केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ याने १९१८ साली 'ड्राइव्ह' ही संज्ञा शास्त्रात रूढ केली. १९४३ साली हल याने तिच्यावर आख्खा सिद्धांत उभारला. प्राण्याला गरज निर्माण झाली की रेटा निर्माण होतो आणि गरज भागली की रेटा ओसरतो, असे त्याचे सूत्र. प्रयोग उंदरांवर झाले. उंदराला किती तास अन्नावाचून ठेवले त्यावरून त्याचा रेटा मोजला जाई. रेट्याचे माप भुकेच्या तासांत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत उंदराला उपाशी ठेवणारा माणूस कोण, हे सर्वांना माहीत असते. समाजात ते माहीत असूनही सांगितले जात नाही.

यानंतर हा विचार भुकेकडून यशाकडे वळला. मॅक्लेलँड याने १९६१ साली असे मांडले की काही समाजांत यश मिळवण्याची प्रेरणा जास्त असते, म्हणून ते पुढे जातात. एवढ्यावर न थांबता त्याने ही प्रेरणा शिकवता येते का, हे पाहिले. त्यासाठी १९६४ च्या सुमारास आंध्रमधील काकिनाडा हे शहर निवडले. तेथील लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांच्यातील अनेकांनी पुढे अधिक उद्योग केला, असा निष्कर्ष १९६९ च्या पुस्तकात आला. हा प्रयोग टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढला की तो अधिक धडपड करतो, हे खरेच आहे. पण काकिनाड्याच्या त्या माणसांजवळ धंदा आधीपासून होता. ज्याच्याजवळ दुकान नाही, जमीन नाही, आणि असले तरी ज्याच्या दुकानातून कोणी चहा घेणार नाही, त्याला प्रेरणेचे प्रशिक्षण देऊन काय साधणार? मागासलेपणाचे कारण मागासांच्या मनात शोधण्याची ही पद्धत शास्त्राच्या वेषात आली म्हणून तिचा जुनेपणा लपत नाही. पूर्वी दोष कर्माचा होता, आता प्रेरणेचा आहे. दोन्ही हिशेबांत हाकणारा निर्दोष सुटतो.

माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याची गुरे राखत होते. पहाटे चारला उठत, दिवे लागणीला परतत, आणि आजारातही खाडा करीत नसत. त्यांना कोणी 'ड्रिव्हन' म्हटले नाही. त्याच तासांना उठून धावायला जाणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याची मुलाखत छापून येते आणि त्यात हा शब्द असतो. कष्ट तेच, पहाट तीच. शब्द मात्र माणूस पाहून दिला जातो. गरिबाचे श्रम ही गरज समजली जाते आणि श्रीमंताचे श्रम हा गुण समजला जातो.

एक माणूस, दोन अर्थ

'ड्रिव्हन' या शब्दाचे दोन परस्परविरोधी अर्थ एकाच आयुष्यात पाहायचे असतील तर १९१७ सालचे बडोदे आठवावे. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तेथे गेले. राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. शहरात दुसरीकडे कोणी आसरा दिला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी ते तास काढले आणि मुंबईची गाडी धरली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. येथे शब्दाचा पहिला अर्थ अक्षरशः काठीसकट उभा आहे : हाकलून दिलेला.

तेच बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी घेतली. आजचा कोणीही चरित्रकार त्यांच्याबद्दल सहज लिहील की ते 'ड्रिव्हन' होते. लिहो, परंतु तेवढेच लिहिले तर बडोदे पुसले जाते. वाचकाला वाटते की या माणसात जन्मतः काही विलक्षण ऊर्जा होती. ऊर्जा होतीच. पण तिच्यामागे काठ्या घेतलेला जमाव होता आणि तिच्यापुढे एका समाजाची मुक्ती होती. मागचे आणि पुढचे दोन्ही कापून मधली ऊर्जा तेवढी उचलणे म्हणजे चरित्राचे पोस्टर करणे होय.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' हा संदेश दिला. ब्रिटनमधील समाजवादी चळवळीत हे तीन शब्द एकोणिसाव्या शतकातच वापरात होते. बाबासाहेबांनी ते आपल्या लोकांच्या हाती दिले. मराठीत आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे म्हणतो. त्यात क्रम बदलला आहे आणि मधल्या शब्दाचा एक पदरही हरवला आहे. 'अ‍ॅजिटेट' हा शब्द लॅटिन 'अगेरे'पासून निघाला. 'अगेरे' म्हणजे हाकणे, पुढे घालणे, करणे. त्याचे पौनःपुन्यदर्शक रूप 'अगितारे' : पुन्हा पुन्हा हाकणे, ढवळून काढणे, स्वस्थ बसू न देणे. म्हणजे 'अ‍ॅजिटेट' हाही मुळात हाकण्याचाच शब्द आहे. मात्र येथे क्रियापद कर्तरी आहे. कालपर्यंत ज्यांना हाकले गेले त्यांनी आता प्रश्नाला हाकायचे आहे, मने ढवळायची आहेत. 'ड्रिव्हन' आणि 'अ‍ॅजिटेट' या दोन शब्दांमधले अंतर हेच आपल्या चळवळीचे अंतर आहे.

ही शब्दकुळी येथेच थांबत नाही. लॅटिन 'अगेरे'चा संस्कृतातील नातलग म्हणजे 'अज्' हा धातू. अर्थ तोच, हाकणे. पालीत त्यापासून 'पाजेति' हे क्रियापद आले. धम्मपदाच्या दण्डवग्गात गुराखी, त्याची काठी आणि कुरणाकडे जाणाऱ्या गाई यांची उपमा आहे, तेथे हेच क्रियापद वापरले आहे. जरा आणि मृत्यू प्राण्यांच्या आयुष्याला असे हाकत नेतात, असा तिचा आशय. दण्ड म्हणजे काठी, आणि त्या वग्गाचा विषयच दण्डाचा त्याग हा आहे.

माणसाला आतून हाकणाऱ्या गोष्टींचा विचार बुद्धाने फार बारकाईने केला. तण्हा म्हणजे तृष्णा; ती माणसाला ओढत नेते आणि कुठेच पोचू देत नाही. परंतु इच्छामात्र वाईट, असे त्याने म्हटले नाही. 'छंद' ही त्याची दुसरी संज्ञा. कामच्छंद हा अडथळा आहे. पण चांगले ते करण्याची इच्छा या अर्थी छंद हा चार इद्धिपादांतील पहिला आहे : छंद, वीर्य, चित्त आणि वीमंसा. इच्छा, प्रयत्न, एकाग्रता आणि तपासणी. यातला चौथा शब्द महत्त्वाचा आहे. आपण का धावतो आहोत, हे तपासण्याची शक्ती ज्या धावण्यात शिल्लक असते तो छंद. जिच्यात ती शिल्लक राहत नाही ती तण्हा. इंग्रजी 'ड्रिव्हन'मध्ये हे दोन्ही एकत्र कोंबले गेले आहेत.

मराठीत काय म्हणावे?

प्रत्येक ठिकाणी चालेल असा एक प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडला पाहिजे. 'झपाटलेला' जवळचा वाटतो, पण त्यात भूत आहे; बाहेरचे काहीतरी अंगात शिरले आहे आणि माणूस आपल्या ताब्यात नाही. ज्याचे कामाचे वेड त्यालाच खाऊ लागले आहे त्याच्यासाठी तो योग्य. 'महत्त्वाकांक्षी'मध्ये मोठे होण्याची इच्छा आहे, पण रेटा नाही. 'प्रेरित' गुळगुळीत झाला आहे. 'ध्यास घेतलेला' यात माणूस स्वतः कर्ता होतो. ध्यास घ्यावा लागतो, तो कोणी लावीत नाही. जेथे ध्येय स्वतः निवडलेले आहे तेथे हा शब्द वापरावा.

आपल्या वस्त्यांतून मात्र 'जिद्द' हा शब्द चालतो, आणि तो मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. तो अरबीतून आला. मूळ 'झिद्द' म्हणजे विरोध, उलट बाजू. जिद्द कोणाच्या तरी विरुद्ध असते. जिद्दीच्या पोटात प्रतिस्पर्धी असतो, नकार असतो, बंद केलेले दार असते. 'तिने जिद्दीने शिक्षण घेतले' असे आपण म्हणतो तेव्हा, न शिकू देणारे कोणीतरी होते, ही गोष्ट त्या शब्दातच नोंदली जाते. 'ड्रिव्हन' जे लपवतो ते 'जिद्द' उघड ठेवते. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्यात जे केले तेही याच प्रकारचे काम होते. त्यांनी माणसाची धडपड सांगताना धडपड करायला लावणारी व्यवस्था वाक्याबाहेर जाऊ दिली नाही.

विद्यार्थ्यांसाठी

हा सारा खटाटोप शब्दांच्या हौसेपायी नाही. आपली मुले आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतात, परदेशी विद्यापीठांना उद्देशपत्रे लिहितात, मुलाखतींना बसतात. तेथे त्यांना 'मी ड्रिव्हन आहे' असे लिहायला शिकवले जाते. माझ्या वर्गातील एका मुलीने असेच लिहून आणले होते. मी तिला एकच विचारले, "कोणी हाकले?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, दहावीनंतर आईने मला फडावर नेलं नाही. उचल कमी मिळाली, तरी नेलं नाही. मुकादमाशी भांडली." मी तिला तेच लिहायला सांगितले. विशेषण गेले आणि त्या जागी चार वाक्ये आली : आई, उचल, मुकादम आणि शाळा. अर्ज वाचणाऱ्याला विशेषण हजारोंच्या अर्जात सापडते. ही चार वाक्ये कुठे सापडणार?

म्हणून विद्यार्थ्यांनी हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला कोणी, कशाने हाकले? मला कुठून हाकलले? आणि मी आता कुठे चाललो आहे, ते मी ठरवले की दुसऱ्याने? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लाजिरवाणी नाहीत. लाज हाकलणाऱ्याला वाटली पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर थांबून विचार करावा.

शिक्षकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'ड्रिव्हन' म्हणून ज्या मुलाचे आपण कौतुक करतो, तो घरच्या पहिल्या पदवीचे, गावाच्या अपेक्षांचे आणि वर्गातल्या टोमण्यांचे ओझे एकाच वेळी वाहत असतो. 'बाय', 'आउट' आणि 'टू' हे तिन्ही उपयोग एकाच मुलाच्या वाट्याला येऊ शकतात. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आणि त्याचे चार सहकारी यांना वसतिगृहातून काढण्यात आले, तेव्हा त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला 'वेलिवाडा' असे नाव दिले. वेलिवाडा म्हणजे तेलुगूत गावाबाहेरची दलित वस्ती. विद्यापीठातून हाकलल्यावर आपण पुन्हा कुठे आलो, हे त्यांनी एका शब्दात सांगितले. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितचा मृत्यू झाला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची ज्याची इच्छा होती, त्या मुलाबद्दल 'तो ड्रिव्हन होता' म्हणायचे की 'त्याला ड्रिव्हन केले गेले' म्हणायचे? इंग्रजी दोन्ही वाक्यांसाठी एकच शब्द देते. निवड आपल्याला करावी लागते.

तेव्हा मुलाच्या पाठीवर थाप मारताना त्या पाठीवर आधीच काय पडले आहे ते पाहणे शिक्षकाचे काम आहे. वसतिगृहाची खोली, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती, तक्रार ऐकून घेणारी समिती आणि 'आज थोडी विश्रांती घे' असे सांगणारा एखादा वडीलधारा माणूस, या गोष्टी प्रेरणेच्या व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या बातम्यांत, निवेदनांत व ठरावांत 'हाकलण्यात आले' असे कर्मणी वाक्य आले की तेथे थांबावे, आणि कोणी हाकलले ते नावानिशी लिहावे. आपल्याला हाकणाऱ्यांनी आपली भाषाही हाकू नये, यासाठी एवढे तरी केलेच पाहिजे.